रिकाम्या पेशीची शंभर वर्षे

पावसाळ्याच्या अखेरीस शनिवार पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात जाण्याचा योग आला, तर मागच्या अंगणातली भिंत जरूर पाहावी. न्हाणीचे पाणी जिथून वाहते आणि ऊन दिवसातून तासभरच येते, तिथे चुन्याच्या गिलाव्यावर काळपट हिरवा, मखमलीसारखा थर चढलेला असतो. शनिवारवाड्याच्या तटावरून उतरलेले काळे ओघळ तर आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. धुराने नाहीतर पावसाने दगड काळा पडला, अशी आपली समजूत असते. त्यात धूळ आणि धूर असतातच, पण अशा काळेपणाचा बराचसा भाग जिवंत असतो. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतले लाकूडकाम जळून गेले आणि तट तेवढा उरला. अशा उघड्या दगडावर ना माती, ना खत, आणि वर्षातले आठ महिने पाणीही नाही. तरी दर मृगाला हे जीव पुन्हा हिरवे होतात.

असाच एक पापुद्रा शेजारच्या वाड्याच्या भिंतीवरून खरवडून मी एकदा आठवीच्या वर्गात नेला होता. (शनिवारवाड्याला हात लावू नये. ते संरक्षित स्मारक आहे.) पाण्यात भिजवून, सुईने विंचरून, काचपट्टीवर ठेवून मुलांना सूक्ष्मदर्शकातून दाखवला. निळसर हिरव्या मण्यांच्या माळा दिसल्या, मुले खूश झाली. मग एका मुलीने विचारले, "सर, मधूनमधून काही मणी रिकामे आहेत. त्या पेशी मेल्या आहेत का?"

तिने अगदी बरोबर पाहिले होते. माळेत दहा-पंधरा हिरव्या पेशींनंतर एक पेशी वेगळी असते. आकाराने किंचित मोठी, रंगाने फिकट पिवळसर, भिंत जाड, आणि शेजारच्या पेशींना जिथे ती चिकटते तिथे दोन्ही टोकांना एकेक चमकदार ठिपका. मी सांगितले, "याला हेटेरोसिस्ट म्हणतात. आकृतीत नाव द्यायला विसरू नका." तास संपला. हेटेरोसिस्ट या शब्दाचा अर्थ 'वेगळी पेशी' एवढाच होतो, म्हणजे मी तिला तिचेच निरीक्षण ग्रीक भाषेत परत केले होते. घरी आल्यावर ही गोष्ट ध्यानात आली आणि पुस्तके काढून बसलो, तेव्हा दिसले की मोठमोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीही शंभर वर्षे याहून फार वेगळे काही केलेले नव्हते.

या जीवांना आपण नील-हरित शैवाल म्हणतो. शेवाळ हा मराठी शब्द मोठा ऐसपैस आहे. ओल्या दगडावरचे जे जे घसरवते ते सगळे शेवाळ. पण ही शैवाले खरे तर जिवाणू आहेत. त्यांच्या पेशीत केंद्रक नसते. १९७० नंतरच्या काळात सायनोबॅक्टेरिया हे नाव रुळले ते याच कारणाने. त्याआधी त्यांचा अभ्यास वनस्पतिशास्त्रज्ञांकडे होता आणि त्यांनी त्यांना वनस्पतींच्याच चष्म्यातून पाहिले. आपली गोष्ट लांबली त्याचे एक कारण हेच असावे, असे मला वाटते.

आपल्या भागात हे निरीक्षण जुने आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या वैद्यकीय सेवेत असलेले हेन्री जॉन कार्टर यांनी १८५६ मध्ये मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर टिपणे छापली. पुढे १९३६ मध्ये एस. सी. दीक्षित यांनी मुंबई इलाख्यातल्या नील-हरित शैवालांवर निबंध प्रसिद्ध केला. १९५९ मध्ये टी. व्ही. देशिकाचारी यांचा 'सायनोफायटा' हा मोठा ग्रंथ आला आणि भारतातली कुठलीही जात ओळखायची तर तोच उघडावा लागू लागला. या सगळ्या वर्गीकरणाच्या कामात हेटेरोसिस्टला मान होता, पण तो ओळखीच्या खुणेचा मान होता. ती टोकाला आहे की मध्ये, गोल आहे की लांबट, एवढे पाहून जात ठरवायची. गालावरच्या तिळावरून माणूस ओळखावा तसे. तीळ काय काम करतो, हे कोणी विचारत नाही.

ज्यांनी विचारले त्यांना उत्तर सापडेना. वनस्पतीत वेगळी, जाड भिंतीची पेशी दिसली की ती बहुधा प्रजननाची असते. म्हणून हेटेरोसिस्ट हा एक बीजाणू असावा, असे काहींनी मानले. पण तो रुजताना क्वचितच कोणाला दिसे. मग कोणी म्हणाले, पूर्वी कधीतरी हा बीजाणू होता, आता नुसता अवशेष उरला आहे. कोणी म्हणाले, माळ तुटून दोन व्हाव्यात म्हणून ठेवलेला हा कच्चा दुवा आहे. या प्रत्येक उत्तरात एक गृहीत होते: या पेशीचे पुढे काय होणार, यात तिचा अर्थ आहे. तिचे शेजारच्या पेशींशी आज काय चालले आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते.

लंडनचे प्राध्यापक एफ. ई. फ्रिट्श हे त्या काळातले शैवालांचे सर्वांत मोठे जाणकार. शैवालांची रचना आणि प्रजनन यांवरचा त्यांचा द्विखंडी ग्रंथ आपल्याकडच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान् पिढ्या वापरला. भारतातून अनेक तरुण त्यांच्याकडे शिकायला जात. आयुष्यभर नील-हरित शैवाले पाहिल्यावर १९५१ मध्ये त्यांनी हेटेरोसिस्टवर एक निबंध लिहिला आणि शीर्षकातच तिला वनस्पतिशास्त्रातले एक कोडे म्हटले. वाढीला चालना देणारे काहीतरी द्रव्य ही पेशी स्रवत असावी, अशी त्यांची अटकळ होती.

आता थोडे मागे जाऊन शेतात उतरू. बंगालमध्ये, आणि आपल्या कोकणातही, शेतकऱ्यांना एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या माहीत होती. भाताच्या खाचराला फारसे खत न घालता वर्षानुवर्षे पीक घेता येते. कोकणात राब भाजून रोपांची सोय होते, पण लावणीनंतर खाचराला पूर्वी वेगळे असे काही फारसे मिळत नसे. पीक दर साली जमिनीतून नत्र उचलून नेते, तरी नत्र संपत नाही. मग ते येते कोठून? पी. के. डे या संशोधकांनी १९३० नंतरच्या दशकात हाच प्रश्न हाती घेतला. भातजमिनीत पाणी साचवून ठेवले की नत्र वाढते, असे त्यांना दिसले. हे काम मातीतले नेहमीचे जिवाणू करत असतील अशी अपेक्षा होती. पण डे यांच्या प्रयोगांनी बोट दाखवले ते पाण्यावर तरंगणाऱ्या आणि चिखलावर पसरणाऱ्या निळ्या-हिरव्या सायीकडे. नील-हरित शैवाले हवेतले नत्र बांधतात असा संशय जर्मनीत १८८९ मध्येच व्यक्त झाला होता आणि १९२८ मध्ये शुद्ध संवर्धनावरचा पुरावाही आला होता. डे यांनी तो भातशेतीशी जोडला. त्यांचा सविस्तर निबंध १९३९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याच्या आदल्या वर्षी 'नेचर'मध्ये याच विषयावर एक छोटे टिपण छापून आले होते. त्यावर दोन नावे होती: फ्रिट्श आणि डे.

हे वाचताना मी थोडा वेळ थांबलो. १९३८ मध्ये फ्रिट्श यांच्या टेबलावर भातखाचरातली, हवेतून नत्र घेणारी शैवाले होती. त्यांतल्या महत्त्वाच्या जाती अ‍ॅनाबीना या कुळातल्या, म्हणजे ठरावीक अंतरावर हेटेरोसिस्ट असणाऱ्या. कोड्याचे दोन्ही तुकडे एकाच माणसासमोर होते. तरी तेरा वर्षांनंतर ते कोडे कोडेच राहिले. यात फ्रिट्श यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. एक तुकडा शेती-रसायनाच्या कप्प्यात होता, दुसरा आकारशास्त्राच्या. शिवाय त्यांना जोडणारा तिसरा तुकडा अजून कोणाच्याच हाती आलेला नव्हता.

तो तिसरा तुकडा म्हणजे प्राणवायू. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्र आहे, पण नत्राच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना असे घट्ट धरून असतात की ते सोडवायला कारखान्यात चारशे-पाचशे अंश तापमान आणि दोनशेच्या आसपास वातावरणांचा दाब लागतो. काही जिवाणू तेच काम साध्या तापमानात करतात, ते नायट्रोजनेज या विकराच्या जोरावर. किंमत मात्र चुकवावी लागते. नत्राच्या एका रेणूमागे ऊर्जेचे नाणे म्हणजे एटीपीचे किमान सोळा रेणू खर्ची पडतात. १९६० मध्ये पेशी फोडून काढलेल्या रसात हे काम घडवून आणणे जमले आणि मग या विकराचा दुसरा स्वभाव नीट कळला. प्राणवायू लागला की ते नासते, आणि एकदा नासले की पुन्हा कामाला येत नाही.

नील-हरित शैवालाची अडचण आता वर्गात सहज मांडता येईल. ते उन्हात प्रकाशसंश्लेषण करते, म्हणजे पाणी फोडून प्राणवायू सोडते. आणि त्याच पेशीत त्याला असे विकर चालवायचे आहे की जे प्राणवायूने मरते. एकाच चुलीवर एका बाजूला बर्फ जमवायचा आणि दुसऱ्या बाजूला पोळ्या भाजायच्या, असा हा प्रकार. ही अडचण त्यांनी स्वतःच ओढवून घेतलेली आहे, हेही मुलांना सांगावे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो याच जीवांच्या पूर्वजांनी सोडलेला.

या अडचणीवर दोन तोडगे संभवतात. वेळ वाटून घ्यायची, म्हणजे दिवसा साखर करायची आणि रात्री नत्र बांधायचे. काही एकपेशीय जाती हेच करतात. किंवा जागा वाटून घ्यायची. हेटेरोसिस्ट म्हणजे ही वेगळी केलेली जागा असेल का?

या दिशेचा एक धागा जी. ई. फॉग यांच्या हाती १९४९ मध्येच आला होता. त्यांनी अ‍ॅनाबीनाच्या माळांना अमोनिया पुरवला, तेव्हा नव्या वाढीत हेटेरोसिस्ट होईनात. अमोनिया संपला की पुन्हा दिसू लागत. आयते नत्र मिळाले की पेशी नको, न मिळाले की हवी. आज वाटते की हे वाचून कोणीही उडी मारली असती. तसे झाले नाही. पुढची उडी घ्यायला १९६८ साल उजाडले. त्या वर्षी फे, स्ट्युअर्ट, वॉल्सबी आणि फॉग या चौघांनी 'नेचर'मध्ये एक निबंध लिहिला. त्याचे शीर्षक प्रश्नार्थक होते: नील-हरित शैवालातल्या नत्र-स्थिरीकरणाची जागा हेटेरोसिस्ट आहे काय?

प्रश्न छापून आला आणि लगेच वादाला तोंड फुटले. सिद्ध कसे करायचे? यासाठी हेटेरोसिस्ट माळेतून सुट्या कराव्या लागतात. त्यांची भिंत जाड असते, हे इथे उपयोगी पडते. माळा ढवळून किंवा ध्वनिलहरींनी हादरवून फोडल्या की साध्या पेशी फुटतात आणि हेटेरोसिस्ट शाबूत राहतात. मग अ‍ॅसिटिलीन वायूची परीक्षा. नायट्रोजनेज अ‍ॅसिटिलीनचे इथिलीन करते आणि इथिलीन मोजणे सोपे असते. स्ट्युअर्ट, हेस्टेड आणि पिअर्सन यांनी १९६९ मध्ये सुट्या हेटेरोसिस्टमध्ये हे होते असे दाखवले. पण सुट्या केलेल्या पेशींची कामगिरी फारच मंद होती. विरोधकांनी तेवढेच धरले. उरलेले काम हिरव्या पेशी करत असतील, असे ते म्हणाले. बाहेरचा प्राणवायू काढून घेतला तर साध्या पेशींतही थोडेफार नायट्रोजनेज मिळते, अशीही निरीक्षणे येऊ लागली.

इथे गोष्ट महाराष्ट्रात येते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जोसेफ थॉमस नील-हरित शैवालांवर काम करत होते. त्यांनी प्रश्न उलट बाजूने घेतला. हेटेरोसिस्टमध्ये नत्र बांधले जाते का, हे पाहण्याआधी त्यांनी पाहिले की तिथे प्राणवायू तयार होऊ शकतो का. प्रकाशसंश्लेषणाच्या दोन यंत्रणा असतात. पाणी फोडून प्राणवायू सोडण्याचे काम दुसरी यंत्रणा करते, तर पहिली यंत्रणा प्रकाशाच्या बळावर पेशीला ऊर्जा मिळवून देते. दोन्हींची रंगद्रव्ये वेगवेगळी असल्याने प्रकाश शोषण्याच्या त्यांच्या तऱ्हेवरून त्यांचा माग काढता येतो. थॉमस यांचा निबंध १९७० मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्याचा निष्कर्ष शीर्षकातच होता: हेटेरोसिस्टमध्ये दुसऱ्या यंत्रणेची रंगद्रव्ये नसतात.

याचा अर्थ काय, ते पाहा. सूक्ष्मदर्शकात ती पेशी फिकट, रिकामी दिसत होती, कारण निळसर झाक देणारे रंगद्रव्य तिथून गेलेले होते. ते गेले म्हणजे प्राणवायूचे उत्पादन गेले. पहिली यंत्रणा शाबूत, म्हणजे उन्हातून ऊर्जा मिळवणे चालू. नायट्रोजनेजला नेमके हेच हवे, ऊर्जा भरपूर आणि प्राणवायू नाही. शंभर वर्षे ज्याला रिकामेपण म्हटले ती कामासाठी करून घेतलेली आवराआवर होती. माझ्या विद्यार्थिनीने "मेल्या आहेत का" असे विचारले होते, त्याचे खरे उत्तर हे होते.

दोन वर्षांनी थॉमस आणि त्यांचे सहकारी के. ए. व्ही. डेव्हिड यांनी नायट्रोजनेजच्या जागेविषयीचा पुढचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे शैवाल गोड्या पाण्यातले, अ‍ॅनाबीना एल-३१ या क्रमांकाचे. वाद पूर्ण मिटायला आणखी काही वर्षे गेली. अमेरिकेत मिशिगनमध्ये पीटर वोक यांच्या गटाने नत्राचा अवघ्या दहा मिनिटांच्या अर्धायुष्याचा किरणोत्सारी समस्थानिक वापरून हवेतले नत्र माळेत कुठून कुठे जाते ते शोधले. १९७८ मध्ये पीटरसन आणि वोक यांनी काळजीपूर्वक सुट्या केलेल्या हेटेरोसिस्टमध्ये नायट्रोजनेजचा फार मोठा वाटा परत मिळवून दाखवला. हवेत वाढणाऱ्या माळेत नत्र बांधण्याचे काम हेटेरोसिस्टच करते, याबद्दल मग फारशी शंका उरली नाही.

आता चित्र असे दिसते. नत्र तुटू लागले की माळेतल्या काही पेशींत बदल सुरू होतो आणि साधारण एका दिवसात तो पुरा होतो. पेशीभोवती जादा आवरणे चढतात. त्यांतला एक थर स्निग्ध पदार्थांचा असतो, तो वायूंना अडवतो. शेजारणींकडे जाणारी वाट अरुंद होते आणि तिथे नत्रयुक्त द्रव्याचा एक बुचासारखा गोळा बसतो. सूक्ष्मदर्शकात टोकांना दिसणारा चमकदार ठिपका तो हाच. या वाटेने शेजारच्या पेशी साखर आत पाठवतात आणि आतून ग्लुटामिनच्या रूपात नत्र बाहेर येते. लग्नाच्या पंगतीत वाढपी असतो तशी ही पेशी. स्वतः पानावर बसत नाही, पण पंगत त्याच्यावर चालते. फरक एवढाच की वाढपी शेवटच्या पंगतीला जेवून घेतो. हेटेरोसिस्टला मात्र परतीची वाट नाही. एकदा पुरी तयार झालेली ही पेशी पुन्हा विभागत नाही. तिला संतती नाही.

परतीची वाट बंद होते ती किती कायमची, हे १९८५ मध्ये कळले. शिकागोत रॉबर्ट हॅसेलकॉर्न यांच्या प्रयोगशाळेत जेम्स गोल्डन आणि इतरांनी दाखवले की अ‍ॅनाबीनाच्या साध्या पेशीत नायट्रोजनेजच्या एका जनुकाच्या मधोमध सुमारे ११ हजार अक्षरांचा परका तुकडा घुसलेला असतो. हेटेरोसिस्ट होताना तो कापून काढला जातो, टोके जुळतात आणि मगच जनुक वाचता येते. पेशीने स्वतःच्या जनुकसंचावर कात्री चालवावी, ही त्या काळी जिवाणूंत फार अनपेक्षित गोष्ट होती.

राहिला प्रश्न अंतराचा. दर दहा-पंधरा पेशींनीच एक का? माळेत तर कोणी मुकादम नाही. १९९१ मध्ये हेटेरोसिस्ट घडवण्याचा निर्णय घेणारे जनुक सापडले, त्याला हेट-आर म्हणतात. १९९८ मध्ये यून आणि गोल्डन यांना त्याला आवर घालणारे पॅट-एस सापडले. त्यापासून होणारे प्रथिन इतके लहान, की त्यात फक्त सतरा अमिनो आम्ले. बदलू लागलेली पेशी याचा अंश शेजाऱ्यांकडे पाठवते, म्हणजे "मी होते आहे, तुम्ही थांबा" असा निरोप. निरोप दूर जाता जाता क्षीण होतो, आणि जिथे तो पोचत नाही तिथे पुढची हेटेरोसिस्ट होते. पॅट-एस काढून टाकले तर हेटेरोसिस्ट शेजारी शेजारी, घोळक्याने होतात. जास्त दिले तर एकही होत नाही. रसायनाच्या ओसरत्या निरोपातून नक्षी कशी उमटते, हे शिकण्यासाठी इतके साधे उदाहरण दुसरे शोधून सापडणे कठीण.

आता पुन्हा ट्रॉम्बेला जाऊ, कारण तिथले काम प्रयोगशाळेत थांबले नाही. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी शिरून खार झालेल्या जमिनी पुष्कळ आहेत. पावसाने मीठ धुपले की चार महिने भात होतो. पाऊस सरला की जमीन वाळते आणि वर पांढरे फुटते. अशा खाऱ्या भातजमिनीतून थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅनाबीना टोरुलोसा ही जात वेगळी केली. एस. के. आपटे आणि थॉमस यांनी १९८० मध्ये दाखवले की नत्र बांधण्यासाठी या जिवाणूंना सोडियम लागतेच. पण जास्त झाले तर तेच घातक. टोरुलोसा मीठ सोसते ते सोडियमला पेशीत फारसे शिरूच न देऊन.

पाणी आटल्यावर काय? इथे माळेतली दुसरी वेगळी पेशी पुढे येते. तिला अकायनीट म्हणतात. टोरुलोसात ती हेटेरोसिस्टच्या दोन्ही बाजूंना, तिला लागून होते. आकाराने मोठी, साठ्याच्या कणांनी गच्च भरलेली, जाड कवचाची. जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी हेटेरोसिस्टमध्ये जो बीजाणू शोधला, तो खरे तर शेजारच्या घरात राहत होता! टी. ए. फर्नांडिस आणि थॉमस यांनी टोरुलोसातल्या या बीजाणूंच्या निर्मितीवर काय नियंत्रण असते, याचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. अकायनीट किती टिकते याचा एक दाखला इंग्लंडमधला आहे. तिथल्या एका तळ्याच्या तळातल्या गाळात, ६४ वर्षांपूर्वीच्या थरात सापडलेली अ‍ॅनाबीनाची अकायनीटे १९८० च्या सुमारास रुजवता आली. आफ्रिकेतल्या गॅबनमधल्या सुमारे २१० कोटी वर्षे जुन्या खडकांत अकायनीटसारखे जीवाश्म मिळाले आहेत.

एक खुलासा इथेच करतो, कारण तो आपल्याकडून वर्गात हमखास निसटतो. मोकळ्या जमिनीवर पावसानंतर जेलीसारखे हिरवट काळे गोळे दिसतात तो नॉस्टॉक. तोही उन्हाळाभर वाळून पडतो आणि पहिल्या सरीने फुगतो. पण त्याचे श्रेय अकायनीटला देऊ नये. तिथे साध्या पेशीच त्यांच्या जेलीत वाळतात आणि जिवंत राहतात. वनस्पतिसंग्रहात ८७ वर्षे कागदात दाबून ठेवलेला नॉस्टॉक लिपमन यांनी १९४१ मध्ये असाच पुन्हा वाढवून दाखवला होता.

टोरुलोसा घालून खारजमिनी गोड्या होतील, अशी आशा स्वाभाविक होती. बनारसचे आर. एन. सिंग यांनी १९५० मध्येच उत्तरेतल्या ऊसर जमिनी नील-हरित शैवालांनी सुधारण्याचा विचार मांडला होता. आपटे आणि थॉमस यांनी १९९७ मध्ये किनारी जमिनींबद्दल जे छापले ते मला फार आवडते, कारण त्यात निराशा लपवलेली नाही. शैवाल खाऱ्या मातीत वाढते, नत्र बांधते आणि मातीतले सोडियम काही काळ धरूनही ठेवते. पण शैवाल मेले, कुजले की ते सोडियम पुन्हा मातीतच येते. जमीन कायमची गोडी होत नाही. पीक उभे असतानाच शैवाल घातले तर तेवढ्या काळापुरता मिठाचा जोर कमी होऊन पिकाला नत्रही मिळू शकेल, एवढेच त्यांनी सुचवले. भातशेतीत नील-हरित शैवालांपासून हंगामाला हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळते असा ठोकताळा सांगतात. तो प्रत्येक खाचराला लागू पडत नाही, आणि युरियाचे पोते उघडण्याइतके हे काम सोपेही नाही.

याच दोन अ‍ॅनाबीनांबद्दल, एल-३१ आणि टोरुलोसा, ट्रॉम्बेहून २०१० मध्ये आणखी एक निबंध आला. नत्र बांधणाऱ्या स्थितीतल्या त्यांच्या संवर्धनांवर पाच हजार ग्रेपर्यंत गॅमा किरणांचा मारा केला तरी वाढीवर वाईट परिणाम दिसला नाही. माणसाला चार-पाच ग्रे प्राणघातक ठरतात. वाळण्याने आणि किरणोत्साराने, दोन्हींनी डीएनए तुटतो. एकाची डागडुजी येणाऱ्याला दुसऱ्याची येत असावी, असा तर्क आहे.

हे सगळे वाचून झाल्यावर पुढच्या पावसाळ्यात मी वर्गात फॉग यांचा प्रयोग जमेल तसा मांडला. त्याची कृती देतो. भिंतीवरचा पापुद्रा भिजवून त्यातले थोडे तंतू दोन काचेच्या वाट्यांत घ्यावेत. दोन्हींत गाळलेले पावसाचे पाणी आणि चुलीतली चिमूटभर राख घालावी. राखेत बाकीचे क्षार असतात, नत्र जवळजवळ नसते. दुसऱ्या वाटीत प्रयोगशाळेतले पोटॅशियम नायट्रेट, चारदोन कण. फॉग यांनी अमोनिया वापरला होता, पण राखेने पाणी अल्कधर्मी होते आणि तशा पाण्यात अमोनिया तंतूंना बाधतो, म्हणून नायट्रेट बरे. वाट्या झाकून खिडकीत ठेवाव्यात, थेट ऊन नको. दहा-बारा दिवसांनी दोन्ही वाट्यांतल्या माळांची कोवळी टोके पाहावीत आणि दोन हेटेरोसिस्टच्या मध्ये किती हिरव्या पेशी आहेत ते मुलांकडून मोजून घ्यावे. जुन्या भागातल्या हेटेरोसिस्ट जात नाहीत, म्हणून मोजणी नव्या वाढीतच हवी. भिंतीवर अनेक जाती मिसळलेल्या असतात, त्यामुळे दर वेळी साधेलच असे नाही. साधले, तर पहिल्या वाटीतल्या माळेत ठरावीक अंतरावर फिकट मणी येत राहतात आणि दुसऱ्या वाटीतली नवी माळ शेवटपर्यंत एकसारखी हिरवी दिसते.